उजवीकडून सोमवार

गुरुवारी सकाळी सव्वाआठला माझ्या हातून एका बाईचा सुळा बिघडला. मेणाचाच होता, खरा सिरॅमिकचा त्यावरून पुढे व्हायचा होता, त्यामुळे तसं काही आकाश कोसळलं नाही. मेण तापवून पुन्हा लावता येतं. मी पातं स्पिरिटच्या दिव्यावर धरलं, सुळ्याच्या टोकाशी जी बारीक उतरण असते ती कोरायला घेतली, आणि पातं आपल्या मनानेच पुढे गेलं. दाताच्या पोटावर आडवा ओरखडा उठला. पातं खाली ठेवून मी हात उजेडात धरला. बोटं हलत होती, पलीकडच्या खोलीत यंत्र चालू असलं की पेल्यातलं पाणी हलतं ना, तशी. मागे मास्तर येऊन उभे राहिले होते. मास्तर म्हणजे आमच्या लॅबचे मालक. शहरातले दहाबारा दंतवैद्य त्यांच्याकडे साचे पाठवतात आणि आम्ही चौघं त्यांचे दात बनवतो. मास्तरांचा आवाज एरवी यंत्रावरून ऐकू येईल असा. पण माझ्याशी एक ठरावीक वाक्य बोलायचं असलं की ते तो असा खाली आणतात, की शेजारच्या टेबलावरच्याला हमखास कळतं काहीतरी खाजगी चाललंय. म्हणाले, "ताई, गोळी घेतली ना आज?"

गोळी घेतलीस का. अठरा वर्षं मी हे वाक्य ऐकतेय. दुधाची पिशवी फुटली म्हणून ओरडले, गोळी घेतलीस का. शेजाऱ्याने माझ्या दारात कचरा लोटला म्हणून त्याला दोन शब्द सुनावले, गोळी घेतलीस का. सिनेमा बघताना मोठ्याने हसले, तेव्हाही माझ्या नवऱ्याने अंधारात माझ्या कानाशी येऊन तेच विचारलं. इतर बायकांच्या रागाला कारण असतं. माझ्या रागाला डोस असतो. मास्तर वाईट नाहीत. मी आजारातून उठून परत कामाला आले तेव्हा त्यांनी मला ठेवून घेतलं, आणि ते उपकार त्यांनी कधी बोलून दाखवले नाहीत. पण गेले तीन आठवडे त्यांनी माझ्याकडून पुढचे दात काढून घेतले होते. पुढचे दात म्हणजे आमच्या धंद्यातला मान. हसताना दिसतात ते. माझ्याकडे आल्या दाढा, ज्या गालाच्या मागे कशाही असल्या तरी चालतात. आजचा सुळा त्यांनी चाचणी म्हणून दिला होता, हे मला ओरखडा उठल्यावर कळलं. मी म्हटलं, "घेतली, मास्तर. काल रात्री. रोजच्यासारखी." ते म्हणाले, "मग ठीक आहे," आणि फोन घेऊन बाहेर गेले. कोणाला लावतायत ते मला विचारायची गरज नव्हती. माझ्या नवऱ्याचा नंबर लॅबच्या भिंतीवर अग्निशामक दलाच्या खाली लिहिलेला आहे.

मी ॲप्रन काढला आणि पर्स घेऊन निघाले. रस्ता ओलांडताना पाय जरा उशिरा पडत होते, म्हणजे मी टाकायचे आणि मग ते पडायचे. तोंडाला कोरड होती. सकाळपासून पाण्याच्या दोन बाटल्या रिकाम्या केल्या होत्या तरी जीभ टाळ्याला चिकटत होती, आणि जिभेवर चावी चोखल्यासारखी चव. ही चव मला जुनी ओळखीची आहे. पहिल्या महिन्यात होती, मग गेली. आताशा परत आली होती, आणि मी कोणाला बोलले नव्हते, कारण आमच्या घरात मी कसलीही तक्रार केली की आधी माझा चेहरा वाचला जातो आणि मग तक्रार ऐकली जाते. बस आली, मी चढले, आणि एका मुलीने उठून मला जागा दिली. मी पन्नास वर्षांची आहे, सत्तरची नाही. माझ्या हाताकडे बघून तिने जागा दिली, आणि मला इतका संताप आला की मी दातओठ खात उभीच राहिले. उभं राहिल्यावर कळलं की बसायला हवं होतं.

गोळीशी माझं भांडण नाही, हे कोणीतरी लक्षात घ्यायला हवं. गोळीने मला वाचवलंय. अठरा वर्षांपूर्वी मी नऊ दिवस झोपले नव्हते आणि मला झोपेची गरजच वाटत नव्हती. घरातल्या सगळ्या कपाटांची दारं मी बिजागऱ्यांसकट उतरवून भिंतीला लावून ठेवली होती, कारण वस्तूंना कोंडून ठेवणं मला पटेनासं झालं होतं. त्याच आठवड्यात मुलगी शाळेतून आली आणि तिच्या बोटांवर वळ होते. मुख्याध्यापिका मुलांच्या बोटांमध्ये पेन्सिली घालून दाबायच्या. मी शाळेत गेले आणि सगळ्या वर्गांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या बाईला जे म्हणायचं ते म्हटलं, टेबलावरच्या पेन्सिली मोडल्या, एक एक करून, डबाभर. मला तिथून चार माणसांनी धरून नेलं. मी आजारी होते, हे खरं. आणि त्या बाईंबद्दल मी जे बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा होता, हेही खरं. पुढे वर्षभराने त्यांना काढलं, पण तोवर माझ्या फाइलमध्ये ‘शाळेत जाऊन आक्रस्ताळेपणा’ एवढंच उतरलं होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती. डॉक्टर टेबलापलीकडे लिहीत होते आणि मला उलटं वाचता येतं. तोंडाचे साचे उलटसुलट फिरवून बघणाऱ्याला ते जमतंच. ओळ होती: ‘नवऱ्याला अरेतुरे करते.’ मी लग्न झाल्यापासून त्यांना अहो-जाहो करते. त्या नऊ दिवसांत ‘तू’ म्हणाले असेन. त्याचं लक्षण झालं. तेव्हापासून ‘तू’ हा शब्द मी त्यांच्यासाठी तोंडातून काढलेला नाही, कितीही तोंडाशी आला तरी.

ते जुने डॉक्टर गेले आणि आताच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पहिल्या भेटीत मला या गोळीतलं लिथियम म्हणजे काय ते नीट समजावलं होतं, जे तोवर कोणालाच सुचलं नव्हतं. म्हणाल्या, हे एक प्रकारचं मीठच आहे. शरीराला हे आणि जेवणातलं मीठ यातला फरक धड कळत नाही. घाम फार गेला, जुलाब झाले, जेवणातलं मीठ एकदम तोडलं, तर मूत्रपिंडं हे मीठ बाहेर टाकायच्याऐवजी धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी चढते. कमी पडलं तर उपयोग नाही, आणि जरा जास्त झालं की तेच विष. मधली पट्टी फार अरुंद आहे, म्हणून रक्त तपासत राहायचं, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. दुखण्यावरची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. एखाद्या दिवशी राहिली तर राहिली, दुसऱ्या दिवशी दोन्ही मिळून घ्यायच्या नाहीत. मी विचारलं, "पण डोक्यात नेमकं करतं काय?" त्या हसल्या. "खरं सांगू? पेशींच्या आत निरोप इकडून तिकडे जातात, तिथे काहीतरी करतं एवढं कळलंय. पूर्ण कळलेलं नाही. कोणाला उपयोग होतो, किती द्यायचं आणि कधी थांबायचं, ते मात्र पक्कं माहीत आहे." मला बाई त्या क्षणी आवडल्या. माझ्याशी बोलताना ‘माहीत नाही’ म्हणणारं माणूस मला कितीतरी वर्षांनी भेटत होतं. बाकी सगळ्यांना माझ्याबद्दल सगळं माहीत असायचं.

दवाखान्याच्या तळमजल्यावर सव्वानऊला रक्त दिलं. काल साडेआठला गोळ्या घेतल्या होत्या, म्हणजे बारा तास होऊन गेले होते. सुई लावणाऱ्या मुलीने माझा हात टेबलावर दाबून धरला, तरी तो तिच्या हाताखाली चालूच होता. मग वर जाऊन बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर एक घड्याळ होतं आणि त्याखाली ‘कृपया शांतता राखा’ असा फलक. अठरा वर्षांत मी तो किती वेळा वाचलाय. त्या बाकावर बसणारी सगळी माणसं एका विशिष्ट पद्धतीने शांत असतात. कोणी मोबाइल वाजू देत नाही, कोणी खोकत नाही, कारण इथे जरा आवाज चढला तर तो लिहून ठेवला जाईल, ही भीती. मी बाकावर बसून स्वतःची तपासणी सुरू केली, जी मी राग आला की नेहमी करते. काल झोपले किती? सात तास. बोलणं भराभर होतंय का? कोणाशी बोललेच नाही. डोक्यात कल्पना धावतायत का? नाही, एकच आहे: मास्तरांच्या डोक्यात तो साचा घालावा. हे लक्षण की राग? ही चौकशी मी रोज दोनतीनदा करते आणि ती संपेपर्यंत राग विझून गेलेला असतो, तापवलेलं मेण बोलता बोलता थंड होतं तसा. मग त्याचं काहीच करता येत नाही.

पावणेबाराला बाईंनी आत बोलावलं. त्यांच्यासमोर कागद होता आणि त्या तो दुसऱ्यांदा वाचत होत्या. "किती गोळ्या घेताय?"

"दोन. लिहून दिल्यात तेवढ्याच."

"मागच्या वेळी पातळी अगदी हवी तशी होती. आज ती पट्टीच्या बाहेर आहे. बऱ्यापैकी बाहेर. उलट्या? जुलाब? दुखण्यावरची गोळी? मीठ सोडलंय?" मी प्रत्येकाला नाही म्हटलं. त्यांनी मला दोन्ही हात पुढे करायला लावले, एका रेषेत चालायला लावलं, मूत्रपिंडाचा आकडा बघितला, तो ठीक होता. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "मला एक कळत नाही. महिन्यापूर्वी तुमच्या मिस्टरांचा फोन होता. म्हणत होते, तुम्ही गोळ्या चुकवताय. चुकवणाऱ्याची पातळी खाली येते. तुमची वर गेलीय."

मी विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"आधी रक्त तपासून घ्या म्हटलं. डोस माझ्याशिवाय बदलायचा नाही, म्हटलं. ते म्हणाले, तुम्हाला घेऊन येतो."

"आणि मला का नाही विचारलंत? माझा नंबर आहे तुमच्याकडे. गोळ्या मी खाते. माझ्या तोंडाने खाते."

त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. तुम्हाला फोन करायला हवा होता." मला वाटलं होतं मी हे ऐकलं की निवळेन. तसं काही झालं नाही, उलट पोटात आणखी एक चूल पेटली. पण बाईंनी मान खाली घातली नाही की माझ्या चेहऱ्यात लक्षणं शोधली नाहीत, हे मी त्यांच्या खात्यावर ठेवलं. त्यांनी पुढे विचारलं, "हात कधीपासून हलतोय? रोज सारखाच?" आणि मला आठवायला लागलं, लॅबची नोंदवही डोळ्यांसमोर आली. गेल्या चार आठवड्यांत दंतवैद्यांकडून परत आलेले माझे तीन दात. एक बुधवारचा, दोन गुरुवारचे. सोमवारी माझा हात दगडासारखा स्थिर असायचा, इतका की मागच्याच सोमवारी मी मास्तरांना म्हटलं होतं, बघा, काही झालेलं नाही मला. "बुधवारी सुरू होतं," मी म्हटलं. "गुरुवारी सगळ्यात वाईट. रविवारपर्यंत जातं."

"आठवड्याच्या सुरुवातीला काहीतरी जास्तीचं जातंय पोटात," बाई म्हणाल्या. "डबी कोण भरतं?"

मी भरते. रविवारी, रात्रीचं जेवण झालं की. सात खणांची डबी आहे, रंगीत झाकणांची, आतलं दिसत नाही. झाकणांवर वारांची अक्षरं होती, ती माझ्या अंगठ्याने कधीच पुसली गेली. बाईंनी मला त्या कागदावर लिहून दिलं: दोन दिवस गोळी पूर्ण बंद, भरपूर पाणी, जेवणात मीठ नेहमीइतकंच, शनिवारी परत रक्त. उलट्या सुरू झाल्या, तोल जायला लागला, बोबडी वळली किंवा कशात काय कळेना झालं, तर मला फोन करत बसायचं नाही, सरळ रुग्णालयात. हे सगळं त्यांनी मला वाचून दाखवलं आणि माझ्याकडून म्हणवून घेतलं. मी जिना उतरत होते तेव्हा मनात डबी उघडत होते आणि मिटत होते.

घरी आले तेव्हा नवरा बाहेर गेलेला होता. तो पाणीपुरवठ्यात मीटर बघायचा. गेल्या वर्षी निवृत्त झाला आणि स्वयंपाकघरात शिरला. रात्री मी जेवून गोळ्या घेऊन पुस्तक घेऊन बसले, की भांडी आवरून तो मला कोको घातलेलं दूध आणून द्यायचा. लग्नानंतर सव्वीस वर्षांनी नवऱ्याने आणून दिलेलं दूध. मी शेजारणीला कौतुकाने सांगितलं होतं. आता मी ओट्याशी उभी राहिले. डबी फळीवर नेहमीच्या जागी होती. नवरा उभा राहतो तिथे मी उभी राहिले आणि डावीकडून पहिलं झाकण उघडलं. दोन गोळ्या. दुसरं उघडलं. दोन गोळ्या. तिसरं, दोन. सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळे भरलेले.

कारण मी उजवीकडून मोजते. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण ते मलाच माहीत नव्हतं. तोंडाचा नकाशा समोरून काढतात. रोग्याची उजवी बाजू कागदावर डावीकडे येते, आणि दात मोजायचे ते मधल्या रेषेपासून बाहेर: पहिला पटाशीचा, तिसरा सुळा, सातवी दाढ. वरच्या उजव्या बाजूचे सात दात, अक्कलदाढ सोडून, कागदावर उजवीकडून डावीकडे जातात. तीस वर्षं मी दिवसातून पन्नास वेळा तशी मोजते. अक्षरं पुसली गेली तेव्हा माझा अंगठा आपसूक उजव्या टोकाला गेला असणार. माझा सोमवार पटाशीचा, बुधवार सुळा, रविवार शेवटची दाढ. आणि ज्याला मी तीस वर्षं काय करते हे कधी विचारावंसं वाटलं नाही, तो डावीकडून झाकण उघडून बघायचा आणि त्याला बायकोची लबाडी सापडायची. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. गुरुवार मधला, तो दोन्हीकडून चौथाच, रिकामा. शुक्रवारपासून तर सगळे रिकामेच दिसायचे. एकदा, फक्त एकदा सातही झाकणं उघडून त्याने मोजलं असतं, तर हिशेब जुळला असता. पण माझ्याबाबतीत कोणाला मोजायची गरज पडत नाही.

मिरी कुटायचा लहान खल खालच्या कप्प्यात असतो. तो मी खिडकीपाशी नेला. धुतलेला होता, पण दगडाच्या खाचेत पांढरं काहीतरी राहिलं होतं. पांढऱ्या पुडीतलं मला कळतं. प्लास्टर बोटाला लागलं की कोरडं होतं, सिरॅमिकची पूड बोटांत चुरचुरते. ही तसली नव्हती. मी टोकाने काढून जिभेवर ठेवली आणि जिभेवर ती चावी आली. हळूहळू तासनतास विरघळावी अशी बनवलेली गोळी, ती याने कुटून पूड केली, दुधात ढवळली, वर साखर घातली. कोको जास्त का असतो असं मी एकदा विचारलं होतं. "तुला आवडतो ना," असं म्हणाला होता.

तो आला तेव्हा हातात भाजीची पिशवी होती आणि चेहऱ्यावर मास्तरांचा फोन होता. पिशवी न ठेवताच म्हणाला, "काय झालं गं लॅबमध्ये? गोळी घेतलीस का काल?"

मी खल टेबलावर ठेवला, शेजारी डबी ठेवली, शेजारी रक्ताचा कागद. त्याने तिन्हीकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. "सांगणार होतो तुला," म्हणाला.

"कधी?"

"तू ठीक झाल्यावर."

"मी ठीक होते. सहा आठवड्यांपूर्वी मी ठीक होते."

"ते लोक येऊन गेले त्या दिवशी काय केलंस, आठव."

आठवत होतंच. मुलीचे होणारे सासू-सासरे आले होते. त्यांच्या नजरेला पडला रक्ततपासणीचा कागद, फ्रिजवर लावलेला, आणि हा चहा ओतता ओतता म्हणाला, "हिची शुगर बघतो आम्ही अधूनमधून." मी तेव्हा गप्प बसले. ते गेल्यावर म्हटलं, मला शुगर नाही. मला जे आहे त्याला नाव आहे, अठरा वर्षं मी ते सांभाळलंय, आणि ते तुम्ही कपाटात कोंडलंत. आवाज चढला होता माझा. एक कपही फुटला, तो माझ्या हातून नव्हे, ट्रेवरून घसरून. "मी रागावले होते," मी म्हटलं. "खोटं बोललात म्हणून रागावले होते."

"मला काय कळणार कोणता राग ते? त्या वेळीही असंच सुरू झालं होतं. शाळेतसुद्धा तुझं बरोबरच होतं आणि नंतर आम्ही तुला दोन महिने..." तो थांबला. "मी घाबरलो. डबी बघितली तर भरलेली. दोन आठवडे बघितली. दर सोमवारी भरलेली."

"कुठून उघडलीत?"

त्याने डावीकडचं झाकण उघडून दाखवलं. मग मी त्याचा हात धरून उजव्या टोकाला नेला. पहिलं उघडायला लावलं, दुसरं, तिसरं. तिन्ही रिकामे. मग चौथं, भरलेलं. आयुष्यभर मीटर वाचलेला माणूस. मला दिसलं की त्याला कळलं, कारण त्याचा खालचा ओठ सुटला. "अरे देवा," म्हणाला, आणि खुर्चीत बसला. "मला वाटलं, मी तुला सांभाळतोय."

त्याला रडू आलं. मला दया यायला हवी होती, आणि आलीही थोडी, पण ती रागाच्या फार मागे उभी होती. मी विचारत होते, विषाची पट्टी किती अरुंद असते हे तुम्हाला माहीत होतं का. फेऱ्या मारता मारता विचारत होते. जी गोळी राहिली तर दुप्पट घ्यायची नाही, असं मला बजावलं होतं, ती तुम्ही मला दुप्पट पाजलीत. औषधवाल्याने जुन्या कागदावर पाकिटं कशी दिली? डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलं ते तुम्ही गिळून टाकलंत, आणि मला दूध दिलंत. माझे पुढचे दात गेले, माहीत आहे का? उद्या हातच गेला असता. मूत्रपिंडं गेली असती. आणि मी मेल्यावर सगळे म्हणाले असते, गोळ्या नीट घेतल्या नाहीत तिने.

तो उठला. बहुतेक त्याला काहीतरी करायला हवं होतं. फ्रिजमधून दूध काढून त्याने पातेल्यात ओतलं, गॅस पेटवला आणि सवयीने कोकोच्या डब्याला हात घातला. मग लक्षात येऊन तसाच उभा राहिला, डबा हातात. "यात आज काही नाही," म्हणाला. "शपथ. तुला बरं वाटेल म्हणून..."

"काही नाही ना?"

"नाही गं."

"मग पी तू."

शब्द तोंडातून गेला आणि मी तो जाताना पाहिला. त्यानेही पाहिला. अठरा वर्षांनी. त्याची नजर माझ्या डोळ्यांवर आली, बाहुल्या मोठ्या झाल्यात का, तिथून हातांवर, तिथून भिंतीवर जिथे डॉक्टरांचा नंबर लावलाय तिथे. हा सगळा प्रवास मला पाठ आहे. "ओत कपात आणि पी," मी म्हटलं. "माझ्यासमोर. तू. सगळं." त्याने कप भरला आणि उभ्याउभ्याच प्यायला सुरुवात केली. गरम होतं, ओठ भाजत असणार, पण तो थांबला नाही. मी टेबलाला टेकून तो संपेपर्यंत बघत राहिले. कप खाली ठेवून त्याने तळ मला दाखवला, लहान मुलासारखा, न सांगता.

संध्याकाळी मी दोन तांबे पाणी प्यायले, नेहमीइतकं मीठ घातलेला भात जेवले आणि डबी घेऊन बसले. दाताच्या सिरॅमिकवर बारीक रंग द्यायचा माझा एक कुंचला घरी असतो, तीनचार केसांचा. काळा रंग कालवला आणि झाकणांवर वार लिहायला घेतले, उजवीकडून. हात थांबेना. ‘सो’चा काना वाकडा गेला, ‘मं’चं टिंब भलतीकडे पडलं. पुसून परत लिहिता आलं असतं, शनिवारी-रविवारी हात स्थिरावल्यावर, छापल्यासारखं. मी पुसलं नाही. ‘बु’ लिहिला, सुळ्यावर, तो सगळ्यात वाईट आला. नवरा दारात उभा राहून बघत होता. उद्या मी मास्तरांकडे जाणार होते, हा कागद घेऊन, भिंतीवरचा नंबर खोडायला आणि माझे पुढचे दात परत मागायला. राग अजून तसाच होता, छातीत, मानेत, दाढांच्या मुळाशी. पाचव्या झाकणावर आले तेव्हा लक्षात आलं की दुपारपासून मी स्वतःला काहीच विचारलेलं नाही. झोपले किती, बोलतेय किती भराभर, काहीच नाही.

फोन वाजला. मुलगी होती, ती नोकरीच्या गावी असते. बापाने सांगितलं होतं सगळं, आवाजावरून कळत होतं. म्हणाली, "आई, मीच म्हटलं होतं बाबांना, दुधात घाला म्हणून. कोको घाला म्हणजे चव कळणार नाही, तेही मीच. मला सात वर्षांची असतानाचं आठवतं गं, तुला नेलं ते. मला ते परत नको होतं."

तिच्या बोटांवरचे वळ मला आठवले. त्या बोटांसाठी मी डबाभर पेन्सिली मोडल्या होत्या. मी फोन कानाला धरून कुंचला पाण्यात बुडवला, पाणी काळं झालं.

"आई? तू शांत आहेस ना आता?"

"नाही," मी म्हटलं, आणि ‘श’ लिहायला घेतला.